वाचकांचे प्रश्न : घरी शिकणाऱ्या मुलांचा दिवस

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्या लेखिकेची दोन्ही मुले ठाण्यात घरीच शिकून मोठी झाली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. बालवाडीनंतर आम्ही त्याला शाळेत घातले नाही आणि यापुढेही घरीच शिकवावे असा विचार आहे. परंतु सोसायटीतील एका वकील गृहस्थांनी ‘शिक्षण हक्क कायद्यानुसार हा गुन्हा आहे’ असे सांगितल्यापासून माझ्या सासूबाई धास्तावल्या आहेत. कायद्याची नेमकी स्थिती काय आहे?
— एक आई, खारघर

उत्तर : सासूबाईंना प्रथम हे सांगावे की या कारणासाठी पोलीस दारात येत नाहीत. कायदा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २१-क आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीने या वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्यही ठरवले. हा हक्क प्रत्यक्षात आणणारा अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० मध्ये पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे म्हटले आहे. वकील गृहस्थ बहुधा याच कलमावर बोट ठेवत असावेत. परंतु हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला कोणताही दंड किंवा शिक्षा अधिनियमात सांगितलेली नाही, आणि ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे काय हे स्पष्ट करताना कलम ८ ने ती सक्ती शासनावर ठेवली आहे. तेव्हा याला गुन्हा म्हणणे चूक आहे. त्याचबरोबर ‘होमस्कूलिंगला कायद्याची मान्यता आहे’ असे काही उत्साही पालक सांगतात तेही खरे नव्हे. घरी शिकणाऱ्या मुलाची नोंदणी करणारी, त्याची तपासणी करणारी किंवा त्याला दाखला देणारी कोणतीही व्यवस्था या अधिनियमात नाही.

दंड आहे तो वेगळ्या ठिकाणी, आणि नवी मुंबईतील पालकांनी तो जाणून घ्यावा. चारपाच कुटुंबे एकत्र येतात, एक सदनिका भाड्याने घेतात, एक शिक्षिका नेमतात, फी ठरवतात आणि फलक लावतात. तसे झाले की ती शाळा समजली जाण्याची शक्यता असते; आणि मान्यतेविना शाळा चालवणाऱ्यास कलम १८ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड व पुढे चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आठवड्यातून एकदा मुले एकमेकांच्या घरी जमून चित्रे काढतात किंवा प्रयोग करतात, त्याला कोणी शाळा म्हणणार नाही. सीमारेषा कोठे आहे ते डोळसपणे पाहावे.

आणखी एक गोष्ट. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक घरोघरी येतात. त्यांच्याशी वाद घालू नये. वीटभट्टीवर, पुलाखाली किंवा बांधकामाच्या जागी राहणारी मुले शोधणे हे त्यांचे काम आहे आणि ते काम मोलाचे आहे. त्यांना आत बोलवावे, पाणी द्यावे, मुलाची वही आणि आपली नोंदवही दाखवावी. नोंदवहीविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहीत आहे, कारण घरच्या शिक्षणात पालकाचे खरे काम तेच आहे असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा. मी दोघांसाठी सकाळी आठ ते दुपारी एक असे वेळापत्रक केले, फळा आणला, विषयवार तास ठरवले. अकरा वाजेपर्यंत रडारड सुरू होते आणि माझाही आवाज चढतो. ज्यांच्याकडे हे सुरळीत चालते त्यांच्या दिवसात असे काय असते?
— एक आई, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : पाच तासांचे वेळापत्रक चाळीस मुलांच्या वर्गासाठी असते. त्यात हजेरी असते, शांत बसवणे असते, वह्या गोळा करणे असते, आणि एकाला समजले तरी उरलेल्यांना समजेपर्यंत थांबणे असते. दोन मुलांच्या घरात यांतले काहीच नसते. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला रोज पाऊण तास आणि नऊ वर्षांच्या मुलीला दीड तास बैठे काम पुरेसे होते. मात्र ते रोज, ठरलेल्या वेळी आणि न चुकता व्हावे. नाश्ता आटोपला की टेबलाशी बसायचे, हा घराचा नियम झाला की त्यावर रोज वाटाघाट करावी लागत नाही. या वेळेत तीनच गोष्टी घ्याव्यात : मोठ्याने वाचन, हाताने लेखन आणि आकडेमोड. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांचा क्रम सोयीचा असतो आणि उद्या शाळेत जावे लागले तरी मूल अगदी परके ठरत नाही. वाचनासाठी ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही विनामूल्य वाचता येतात. फळा विकून टाकला तरी चालेल.

उरलेला दिवस रिकामा वाटतो आणि तेथेच पालक घाबरतात. रिकामा वेळ भरण्यासाठी मग रोबोटिक्सचा वर्ग, अबॅकसचा वर्ग, स्केटिंगचा वर्ग अशी रांग लागते आणि मूल शाळेत जाणाऱ्या मुलांपेक्षाही अधिक दमते. घोडबंदर रस्त्याच्या वाहतुकीत रोज दोन वर्गांना नेणे-आणणे म्हणजे आईचा दिवस रिक्षात जाणे. आपल्या पत्रात असे वर्ग नाहीत हे चांगले आहे; तसेच राहू द्यावे.

घरातील कामातून शिकणे होते असे सगळेच म्हणतात, पण ते आपोआप होत नाही. भाजी आणायला मूल सोबत आले म्हणून त्याला गणित येत नाही. त्याच्या हातात पैसे द्यावे लागतात, पाव किलोचा भाव त्यालाच काढू द्यावा लागतो, आणि मागे माणसे खोळंबली तरी मध्ये न बोलण्याचा संयम ठेवावा लागतो. महावितरणचे वीजबिल नऊ वर्षांच्या मुलीसमोर ठेवून पाहावे. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० युनिटांचा वेगळा. मग या महिन्याला ३१० युनिट झाले असतील तर सगळ्या युनिटांना चढा दर लागला की फक्त शेवटच्या दहांना, हे तिने बिलावरून शोधून काढावे. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होतो, हे कळल्यावर बादलीभर पाणी तापवण्यावरून घरात जी चर्चा होते तिच्यात भौतिकशास्त्र आणि गुणाकार दोन्ही असतात.

एक उदाहरण मी जरा विस्ताराने देते, कारण ते याच परिसरातले आहे. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ठाणे खाडीत फ्लेमिंगो असतात. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तेथून बोटीने पक्षी पाहता येतात. बहुतेक कुटुंबे एकदा जाऊन छायाचित्रे काढून येतात. पण मूल जर सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळ जागी वेगवेगळ्या दिवशी गेले तर त्याला प्रश्न पडतोच की परवा सकाळी पक्षी होते आणि आज त्याच वेळी का नाहीत. उत्तर भरती-ओहोटीत आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते तेथे चरतात. भरतीचे पाणी चढले की विसाव्यासाठी आतल्या तळ्यांकडे येतात. मग भरती केव्हा? किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. हा हिशेब मुलीने दिनदर्शिकेवरून करावा, वर्तमानपत्रात छापलेल्या भरतीच्या वेळेशी ताडून पाहावा आणि फरक लिहून ठेवावा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि पाऊणपटीचा हिशेब पंचेचाळीस मिनिटे धरतो, ही तफावत काही दिवसांच्या नोंदींतून तिच्याच लक्षात येऊ शकते. ठाण्याच्या टोकापर्यंत पाणी चढायला मुंबई बंदरापेक्षा अधिक वेळ लागतो, हेही तेव्हाच कळते. यात पंचांग आले, अपूर्णांक आले, भूगोल आला, आणि पहाटे कोणीही उठवल्याशिवाय उठणे आले.

अशा गोष्टी ठरवून घडवता येत नाहीत. त्या घडू लागल्या की ओळखता आल्या पाहिजेत. यासाठी नोंदवही. रोज रात्री प्रत्येक मुलाबद्दल तीनचार ओळी लिहाव्यात : आज काय वाचले, कोठे अडले, काय विचारले, कशात रमले. ‘हुशार आहे’, ‘लक्ष देत नाही’ असे शेरे लिहू नयेत. ‘हातच्याची वजाबाकी करताना दशकाकडून घेतलेला एक कमी करायचा राहतो’ असे लिहावे. महिन्याअखेरीस वही वाचली की एकच अडचण पुन्हा पुन्हा येते आहे का, लेखन आठवडाभर टाळले गेले आहे का, हे दिसते. परीक्षा नसलेल्या घरात हेच मोजमाप आहे, आणि ते नसेल तर आपण घरी शिकवत आहोत की नुसते शाळेत पाठवत नाही आहोत, हे पालकाला स्वतःलाही सांगता येत नाही.

आवाज चढण्याबद्दल एवढेच की दुपारी एक तास कोणीही कोणाशी बोलायचे नाही असा नियम करून पाहावा. मुले चित्रे काढतील, लोळतील, धाकटा कदाचित झोपेल. आईलाही दिवसातून एक तास आई नसण्याची मुभा हवी.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. मी सकाळी ७.४० ची लोकल पकडतो, पत्नी नऊ वाजता निघते. वन बीएचके घर आहे. मुलाला शाळा अजिबात आवडत नाही. ऑनलाइन वर्गांच्या आधारे घरी शिकवणे जमेल का?
— एक वडील, कळवा

उत्तर : आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत जमणार नाही. घर लहान आहे ही अडचण नाही. दिवसभर घरात जबाबदार मोठे माणूस नाही ही अडचण आहे. पडद्यासमोर एकटे बसलेले मूल शाळेपेक्षा अधिक कंटाळेल आणि त्याचा कंटाळा कोणाला दिसणारही नाही. दोघांपैकी एकाला अर्धवेळ काम किंवा वेगळी पाळी मिळू शकत असेल, अथवा आजी-आजोबा सोबत राहत असून त्यांची मनापासून तयारी असेल, तरच पुढचा विचार करावा. आणि एका पगारावर घराचे हप्ते कसे फिटतील याचा हिशेब निर्णयाआधी मांडावा, नंतर नव्हे. तोपर्यंत शाळा का आवडत नाही ते शोधावे. तास, शिक्षक, मित्र, डबा, बस आणि स्वच्छतागृह अशा प्रत्येक गोष्टीविषयी स्वतंत्रपणे विचारावे. ‘शाळा आवडत नाही’ या वाक्याच्या आत पुष्कळदा एकच छोटी आणि सुटण्यासारखी गोष्ट दडलेली असते.

प्रश्न : माझा नातू दहा वर्षांचा आहे. चिरंजीव आणि सूनबाई त्याला घरी शिकवतात. खरे तर काहीच शिकवत नाहीत. ‘त्याला वाटेल तेव्हा तो शिकेल’ असे सांगतात. त्याला पाढे येत नाहीत, मराठी जेमतेम चार ओळी वाचतो. डायनॉसोरविषयी मात्र तासभर बोलतो. मी निवृत्त शिक्षक आहे. बोललो तर घरात वाद होतो, न बोलावे तर राहवत नाही.
— एक आजोबा, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि मी ती सौम्य करून सांगणार नाही. मुले वेगवेगळ्या वयात वाचू लागतात हे खरे आहे. घरी शिकणाऱ्यांत सातव्या-आठव्या वर्षी अचानक वाचू लागलेली आणि पाहता पाहता पुस्तकांत बुडून गेलेली मुले मी पाहिली आहेत. परंतु दहाव्या वर्षी मातृभाषेच्या चार ओळींवर मूल अडखळत असेल तर ‘वाटेल तेव्हा’ म्हणून थांबण्याची वेळ टळून गेली आहे. प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यात दोष नसेल तर अध्ययन-अक्षमतेची चाचणी करून घ्यावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी चाचणी होते. अक्षरांची उलटापालट, ऐकलेले सारे लक्षात राहणे पण तेच वाचता न येणे, तासभर उत्तम बोलणे पण एक ओळ लिहिताना घाम फुटणे, ही लक्षणे आपल्यासारख्या अनुभवी शिक्षकाला सहज ओळखू येतील. निदान झाले तर पुढे दहावीच्या परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात. चिरंजिवांशी बोलताना ‘तुम्ही शिकवत नाही’ असा प्रारंभ न करता ‘एकदा डोळे दाखवून आणू’ एवढेच म्हणावे. त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मुलाच्या कलाने शिकण्याचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा फार सैल घेतला जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, आदिवासी मुलांसाठी जे काम केले त्यात मोकळेपणाची कमतरता नव्हती. मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. पण त्या कुरणात शिक्षक हजर होते. प्रत्येक मूल काय करते आहे ते पाहणारे आणि पुढचे साहित्य त्याच्या हाताशी ठेवणारे माणूस तेथे असे. मोठे माणूसच नाहीसे झाले तर उरतो तो मोकळेपणा नव्हे.

आता आपण स्वतः काय करू शकता ते सांगते. नातवाला शिकवायला बसू नये. त्याच्या डायनॉसोरांकडे जावे. त्याने सांगावे आणि आपण त्याच्याच शब्दांत मराठीत लिहून घ्यावे, मग ते त्यानेच आपल्याला वाचून दाखवावे. स्वतः बोललेले वाक्य वाचणे सोपे असते, कारण पुढे काय येणार ते ठाऊक असते. अशी पाने साठली की ती शिवून पुस्तक करावे. पाढ्यांच्या बाबतीत तर आपल्या पिढीकडे जे आहे ते त्याच्या आईवडिलांकडे बहुधा नसेल : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे. फिरायला जाताना पायाच्या ठेक्यावर म्हणावी. मासुंदा तलावाला एक फेरी होईपर्यंत कितीतरी पाढे होतात. वर घोडबंदरच्या ताईंना भरतीचा जो हिशेब सांगितला आहे तो पाऊणकी येणाऱ्याला तोंडी जमतो, आणि तो जमला म्हणजे पाऊणकी कशासाठी, हा प्रश्न नातू विचारणार नाही.

प्रश्न : आमच्या संकुलातील सगळी मुले सायंकाळी पाचपर्यंत शाळेत आणि नंतर शिकवणीला असतात. माझी अकरा वर्षांची मुलगी एकटी पडते. नातेवाईक म्हणतात की अशी मुले पुढे माणूसघाणी होतात.
— एक आई, ऐरोली

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे मला पटत नाही, पण मुलगी एकटी पडते हे आपले निरीक्षण खरे आहे आणि त्यावर उपाय करायला हवा. घरी शिकणारी मुले मोठ्यांशी, लहानग्यांशी, वॉचमनकाकांशी, भाजीवाल्या मावशींशी छान बोलतात. त्यांना उणीव भासते ती समवयस्क जिवलगांची, आणि ती अकरा ते चौदा या वयात तीव्र होते. या वयात आईची सोबत कितीही चांगली असली तरी ती मैत्रिणीची जागा घेत नाही.

रोज भेटणारी माणसे मिळवण्यासाठी रोज चालणारे ठिकाण लागते. महिन्यातून एकदा होणाऱ्या कार्यशाळेत ओळख होते, मैत्री होत नाही. खो-खो, कबड्डी, पोहणे, तबला, नाटक यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी आठवड्यातून चारपाच दिवस, वर्षानुवर्षे जावे. तेथे शाळेत जाणारी मुलेच असतील आणि ते बरेच आहे. केवळ होमस्कूलिंगवाल्यांचाच गोतावळा असला की मुलांना वेगळेपणाचा ताठा येतो असे माझे मत झाले आहे. वाचनालयाचे सभासदत्व मुलीच्या स्वतःच्या नावावर घ्यावे आणि पुस्तक बदलायला तिला शक्य तेथे एकटीने जाऊ द्यावे. ठाण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. येऊरच्या जंगलात सकाळी पक्षी पाहणारे आणि ओवळ्याला फुलपाखरांच्या मागे असणारे लोक सर्व वयांचे असतात व मुलांना आपुलकीने सामावून घेतात. मुलीने शाळेत जाण्याची इच्छा बोलून दाखवली तर मात्र ती मनावर घ्यावी. घरी शिकणे हा तिच्यासाठी केलेला बेत आहे, तिने पाळायचे व्रत नव्हे.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. चौथीपर्यंत शाळेत होती, नंतर घरी शिकली. तिला पुढे जीवशास्त्र घ्यायचे आहे. दहावी कोठून करावी : एनआयओएस की राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म?
— एक वडील, नेरूळ

उत्तर : आपल्या वर्णनावरून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, अधिक सोयीची वाटते. केंद्र सरकारची ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. आठवी उत्तीर्ण झाल्याचा दाखला नसेल तर आपण हा अभ्यासक्रम पेलू शकतो असे स्वयंप्रमाणपत्र चालते. किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत निदान एक भाषा असते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे या सत्रात दोन विषय आणि पुढच्या सत्रात तीन असे हप्त्याहप्त्याने उत्तीर्ण होता येते. घरी शिकणाऱ्या मुलांना हे मानवते, कारण एका वेळी पाच विषयांच्या लेखी परीक्षेची त्यांना सवय नसते. शिक्षकाने तपासलेल्या गृहकार्याला वीस टक्के वजन असते. अभ्यासकेंद्राने आठवण केली नाही तरी त्याची तारीख आपण चुकवू नये.

गणित आणि विज्ञान तेथे सक्तीचे नाहीत. ही मोकळीक चित्रकार व्हायचे असलेल्या मुलाला वरदान आहे, परंतु आपल्या मुलीने दोन्ही विषय घेतलेच पाहिजेत. विज्ञानात प्रात्यक्षिके असतात. प्रयोगशाळा असलेले अभ्यासकेंद्र निवडावे आणि नाव नोंदवण्यापूर्वी ती प्रत्यक्ष पाहून यावी. मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसता येत नाही असे अजूनही ऐकू येते. ती जुनी गोष्ट झाली आहे. मान्यताप्राप्त मुक्त मंडळाच्या विद्यार्थ्यांचा ‘नीट’चा मार्ग आता मोकळा आहे. मात्र अकरावी-बारावीला तिने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घ्यावे लागतील.

१७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देता येते. त्यासाठीच्या अटी आणि मुदत मंडळ जाहीर करते आणि त्यात शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. आपल्या मुलीकडे चौथीचा दाखला असेल तर तो जपून ठेवावा. या मार्गाचा लाभ असा की अभ्यासक्रम बालभारतीचा असतो, मराठीत भरपूर साहित्य मिळते आणि अकरावीला महाविद्यालयाच्या खिडकीवरील लिपिकाला काही समजावून सांगावे लागत नाही. गैरसोय अशी की सर्व विषयांची परीक्षा एकदम द्यावी लागते. केंब्रिज या ब्रिटिश मंडळाची परीक्षाही खासगीरीत्या देणारी मुले नवी मुंबईत आहेत, पण प्रत्येक विषयाचे शुल्क पाहता मी ती सर्वसाधारण कुटुंबाला सुचवणार नाही.

तेरा हे वय तयारी सुरू करण्यास योग्य आहे. यंदा जुन्या प्रश्नपत्रिकांपैकी एकेक प्रश्न घड्याळ लावून लिहायचा सराव द्यावा. तोंडी उत्तम उत्तरे देणारी मुले तीन तास सलग लिहू शकत नाहीत, हा दोष घरच्या शिक्षणात हमखास राहतो.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या आजारपणामुळे यापुढे मला मुलाला घरी शिकवणे शक्य नाही. तो साडेअकरा वर्षांचा आहे आणि कधीच शाळेत गेलेला नाही. दाखला नसताना कोणती शाळा त्याला घेईल? थेट पहिलीत बसवतील का?
— एक आई, वाशी

उत्तर : पहिलीत बसवणार नाहीत. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण घेण्याचा हक्कही त्याला असतो. जन्मतारखेच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. आपल्या मुलाच्या वयाला सहावी साजेशी आहे. परंतु राज्यात पाचवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झालेली असल्याने त्या पातळीची चाचणी द्यावी लागेल असे धरून चालावे आणि पाचवीची गणित, मराठी व इंग्रजी ही पाठ्यपुस्तके या आठवड्यातच हातात घ्यावीत.

प्रथम आपल्या भागातील महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटावे. तेथे प्रवेश नाकारला जाण्याची शक्यता सर्वांत कमी असते. खासगी शाळा हवी असेल तर जागा शिल्लक आहे का ते आधी विचारावे, कारण सहावीत क्वचितच जागा रिकाम्या होतात. भेटीला जाताना जन्मदाखला, आधार कार्ड, मुलाच्या गेल्या दोन वर्षांच्या वह्या आणि आपली नोंदवही न्यावी. मुख्याध्यापक सगळी वही वाचणार नाहीत; मूल कोणत्या विषयात कोठवर आले आहे ते सांगणारे एक पान वेगळे लिहून वर ठेवावे. मुलालाही सोबत न्यावे आणि प्रश्नांची उत्तरे त्यालाच देऊ द्यावीत. पहिले काही आठवडे त्याला घंटा, रांग आणि ठरावीक वेळीच डबा खाणे जड जाईल. अभ्यासाचे दडपण त्या काळात घरातून तरी आणू नये. आजोबांची प्रकृती लवकर सुधारो.